अपडेटनंतर मुकी झालेली गाणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

संगीत-प्लेयरच्या नव्या आवृत्तीविषयी आणि गाण्यांवरील कॉपी-प्रतिबंधाविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांचा सूर रागाचा आहे आणि तो राग अनाठायी नाही. मात्र तो नेमका कशावर काढावा, याबाबत पत्रलेखकांची गल्लत झालेली दिसते. सारख्या आशयाची पत्रे एकाच प्रश्नात मिळवली आहेत आणि तक्रारींमधली कंपन्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : संगणकावरच्या संगीत-प्लेयरने नवी आवृत्ती आल्याचे सांगितले, म्हणून मी ती घेतली. त्यानंतर संग्रहातील काही गाणी पूर्वीसारखी वाजतात, पण काहींवर क्लिक केले की ‘हा संगणक अधिकृत नाही’ अशी चौकट येते आणि पासवर्ड मागितला जातो. ही सगळी गाणी मी पैसे मोजून घेतलेली आहेत. फाइली जागच्या जागी आहेत आणि त्यांचा आकारही तेवढाच आहे. मग त्या वाजत का नाहीत?

उत्तर : आपण प्लेयरचे नाव कळवले असते तरी उत्तर फारसे बदलले नसते, कारण कुलूपबंद, म्हणजे कॉपी-प्रतिबंध घातलेली, गाणी विकणाऱ्या सर्व दुकानांची मूळ रचना जवळपास एकच होती. त्यातली सर्वांत जास्त वापरली गेलेली रचना म्हणजे अ‍ॅपलची ‘फेअरप्ले’. २८ एप्रिल २००३ रोजी आयट्यून्स म्युझिक स्टोअर सुरू झाले, तेव्हा ९९ सेंटला एक गाणे मिळत असे आणि ते या कुलपासकट मिळत असे.

या फाइलीत गाण्याचा ध्वनी उघडा ठेवलेला नसतो, तो कूटबद्ध केलेला असतो. तो उलगडण्याची किल्ली त्याच फाइलीत असते खरी, पण ती स्वतःही बंद असते, आणि ती उघडायला खातेदाराची दुसरी किल्ली लागते. ही दुसरी किल्ली गाण्याच्या फाइलीत नसून संगणकावरील एका वेगळ्या, तितक्याच बंदिस्त साठ्यात ठेवलेली असते आणि तिची मूळ नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. आपण नव्या संगणकावर खात्याचा पासवर्ड देता, तेव्हा प्लेयर त्या यंत्राची ओळख सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर आपल्या खात्याच्या किल्ल्या त्या यंत्राकडे पाठवतो. यालाच ‘अधिकृत करणे’ म्हणतात. अपडेटमध्ये हा साठा हलला किंवा खराब झाला, किंवा संगणकात काही बदल झाल्यामुळे त्याची ओळखच वेगळी ठरली, तर गाण्याची फाइल जशीच्या तशी असूनही प्लेयरपुरती ती निरुपयोगी होते. आपली जी गाणी अजून वाजत आहेत, ती बहुधा सीडीवरून स्वतः उतरवलेली किंवा कुलूप नसताना घेतलेली असणार.

प्रथम न वाजणाऱ्या एखाद्या गाण्याची माहिती उघडून ‘प्रकार’ या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहावे. तिथे ‘प्रोटेक्टेड एएसी’ असे असेल आणि फाइलीच्या नावाचा शेवट ‘एम४पी’ असा होत असेल, तर ती कुलूपबंद आहे. कुलूप नसलेल्या फाइलीचा शेवट ‘एम४ए’ असा असतो. त्यानंतर, गाणे ज्या खात्यावर घेतले होते त्याच खात्याने संगणक अधिकृत करावा. ‘पासवर्ड बरोबर असूनही काही होत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांनी मधल्या काळात ईमेल बदलून दुसरे खाते उघडलेले असते आणि गाणी मात्र जुन्या खात्यावर अडकलेली असतात. अ‍ॅपलच्या एका खात्यावर एका वेळी पाच संगणक चालतात. ती मर्यादा संपली असेल, तर खात्याच्या पानावरून सर्व संगणकांची अधिकृतता एकदम काढून आपल्या हाताशी असलेले संगणक पुन्हा जोडता येतात. ही सोय वर्षातून एकदाच मिळते, म्हणून ती वापरण्यापूर्वी बाकीचे उपाय करून पाहावेत.

प्रश्न : मला तांत्रिक अडचण नाही, माझा आक्षेप तत्त्वाचा आहे. मी गाणी विकत घेतली, त्या दिवशी काही अटी होत्या. पुढे अपडेटमध्ये एक जुनी सोय काढून टाकली गेली आणि ती बंधने मी आधी घेतलेल्या गाण्यांनाही लागू झाली. विक्री झाल्यावर अटी बदलण्याचा अधिकार विक्रेत्याला कोणी दिला?

उत्तर : आपणच दिला, आणि ही या व्यवहारातली सर्वांत कमी वाचली गेलेली गोष्ट आहे. अपडेट बसवताना जो लांबलचक करार समोर येतो आणि ज्याच्या तळाशी असलेल्या ‘मान्य आहे’ या बटणावर सगळेच न वाचता क्लिक करतात, त्या करारातच अटी बदलण्याची मुभा लिहिलेली असते. मात्र अशी मुभा लिहून घेतली म्हणजे ती न्याय्य ठरते असे नाही, आणि आपला आक्षेप मला रास्त वाटतो.

याची उदाहरणे जुनी आहेत. आयट्यून्स या अ‍ॅपलच्या प्लेयरच्या चौथ्या आवृत्तीत आपला संग्रह दुसऱ्यांना ऐकवण्याची सोय होती, आणि समोरच्या संगणकाचा इंटरनेटवरील पत्ता ठाऊक असेल तर ती दूरच्या माणसालाही वापरता येत असे. थोड्याच दिवसांत लोकांनी अशा उघड्या संग्रहांतून गाणी ऐकण्याऐवजी उतरवून घेणारी साधने तयार केली. मे २००३ मध्ये, म्हणजे दुकान सुरू होऊन जेमतेम महिना झाला असताना, ४.०.१ ही आवृत्ती आली आणि ही सोय घरच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कपुरती उरली. वापरणाऱ्यांमध्ये तेव्हाच दोन तट पडले. एक म्हणे की गैरवापर झाला, तेव्हा कंपनी दुसरे काय करणार. दुसरा म्हणे की आपल्याच घरचा संग्रह कार्यालयातून ऐकणाऱ्याने कोणाचे काय बिघडवले होते? अनेकांनी जुनीच आवृत्ती ठेवणे पसंत केले.

एप्रिल २००४ मधला बदल जास्त बोलका आहे, कारण त्यात काही दिले गेले आणि काही काढून घेतले गेले. अधिकृत संगणकांची मर्यादा तीनवरून पाचवर नेली, पण एकच गाण्यांची यादी लागोपाठ किती सीडींवर उतरवता येईल, ती संख्या दहावरून सातवर आणली. सातव्यांदा तीच यादी सीडीवर उतरवणारा माणूस शोधून सापडला नसता हे मान्य आहे, आणि पाच संगणकांची सवलत बहुतेकांच्या फायद्याचीच होती. तरीही या प्रसंगाने दाखवून दिले, की गाण्याबरोबर मिळालेले हक्क फाइलीत कोरलेले नसून प्लेयरच्या आवृत्तीत लिहिलेले असतात, आणि आवृत्ती बदलली की तेही बदलू शकतात. आपण विकत घेतलेली वस्तू आपल्या हातात असते. ती कशी वापरायची याचा निर्णय मात्र प्रत्येक अपडेटच्या वेळी दुसरीकडे होतो.

हा मुद्दा केवळ चिडलेल्या ग्राहकांनी मांडला असे नाही. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने २००६ मध्ये आयट्यून्सच्या अटींविरुद्ध तक्रार केली आणि तिथल्या ग्राहक लोकपालाने ज्या अटी अवाजवी ठरवल्या, त्यांत गाण्यावरील हक्क विक्रीनंतर एकतर्फी बदलण्याची मुभाही होती. गाणी दुसऱ्या कंपनीच्या खिशातल्या वादक-यंत्रावर चालत नाहीत, हाही त्याच तक्रारीचा भाग होता. २००९ मध्ये गाण्यांवरचे कुलूपच निघाल्यावर ते प्रकरण बंद करण्यात आले.

प्रश्न : एवढा मनस्ताप होणार असेल, तर अपडेट घेऊच नये, हे धोरण कसे आहे?

उत्तर : काही काळ चालते, कायमचे चालत नाही. दुकान आणि प्लेयर एकाच कंपनीचे असतील, तर जुन्या आवृत्तीला दुकानाचे दार बंद करणे तिच्या हातात असते. मार्च २००५ मध्ये तसेच झाले. आयट्यून्सच्या दुकानातून गाणे घेताना कुलूप प्रत्यक्षात ग्राहकाच्या संगणकावरचा प्लेयर घालत असे, सर्व्हर घालत नसे. याचा फायदा घेऊन काही जणांनी असा प्रोग्राम तयार केला, की त्यातून रीतसर पैसे देऊन गाणे विकत घेता येई, पण ते कुलूप न लागता हाती येई. कंपनीने लगेच खरेदीसाठी ४.७ ही आवृत्ती सक्तीची केली, आणि ज्यांचा त्या प्रोग्रामशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांनाही नवी आवृत्ती घ्यावी लागली.

खिशातल्या वादक-यंत्राचीही हीच गत झाली. रिअलनेटवर्क्स या कंपनीने जुलै २००४ मध्ये ‘हार्मनी’ नावाचे तंत्र आणले, ज्यामुळे तिच्या दुकानातली गाणी आयपॉड या अ‍ॅपलच्या वादक-यंत्रावर वाजू लागली. अ‍ॅपलने जाहीरपणे नाराजी व्यक्त केली आणि पुढच्या अपडेटनंतर ही गाणी बहुधा वाजणार नाहीत, असा इशाराही दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस काही आयपॉडवर ती खरोखरच वाजेनाशी झाली. या वादात दोन्ही कंपन्यांनी आपापली बाजू तावातावाने मांडली. पैसे देऊन गाणी घेतलेल्या माणसाची बाजू मांडायला मात्र कोणी नव्हते.

तरीही अपडेट पूर्णपणे टाळण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण सुरक्षेतील त्रुटींची दुरुस्तीही त्याच पुडक्यातून येते, आणि त्रुटी असलेला प्लेयर इंटरनेटशी जोडलेला ठेवणे शहाणपणाचे नाही. त्याऐवजी नवी आवृत्ती आल्या दिवशीच घेऊ नये. बदलांची यादी वाचावी आणि इतरांचे अनुभव आठवडाभर पाहावेत. घेण्यापूर्वी केवळ गाण्यांचे फोल्डर नव्हे, तर प्लेयरची संग्रह-फाइलही वेगळ्या डिस्कवर ठेवावी, कारण आपल्या याद्या, गाण्यांना दिलेले तारे आणि ऐकल्याच्या नोंदी त्या फाइलीत असतात आणि नवी आवृत्ती तिचे रूप बदलते. एकदा बदललेली संग्रह-फाइल जुन्या आवृत्तीला सहसा वाचता येत नाही, आणि मागे परतण्याची वाट बहुतेकांची तिथेच अडते.

प्रश्न : कुलूपबंद गाणी सीडीवर उतरवून ती सीडी पुन्हा संगणकावर घेतली, तर कुलूप निघून जाते असे ऐकले. यात गुणवत्ता कमी होते का? आणि कुलूप तोडणारे प्रोग्राम वापरावेत का?

उत्तर : कुलूप निघते हे खरे आहे, कारण ऑडिओ सीडीवर उलगडलेला ध्वनी जातो आणि सीडीच्या मूळ स्वरूपात अशा कुलपाची सोयच नाही. गुणवत्तेचे उत्तर थोडे वेगळे आहे. सीडीवर उतरवताना काहीही कमी होत नाही. त्या सीडीवरून पुन्हा एएसी किंवा एमपी३ फाइल केली, की नुकसान होते. मूळ गाणे १२८ केबीपीएसचे, म्हणजे दर सेकंदाला १२८ किलोबिटचे, होते, म्हणजे कानाला सहसा न जाणवणारे बरेच काही त्यातून आधीच गाळलेले होते. त्या गाळलेल्या ध्वनीवर तीच प्रक्रिया पुन्हा झाली, की झांजांचा किंवा टाळ्यांचा आवाज फिसकटल्यासारखा येऊ लागतो. हानीविरहित, म्हणजे ध्वनीतले काहीही न गाळणाऱ्या, स्वरूपात साठवले तर दुसरे नुकसान टळते, पण फाइल कित्येक पटींनी मोठी होते आणि ध्वनी मात्र १२८चाच राहतो. शिवाय गाण्यांची आणि कलाकारांची नावे पुन्हा भरावी लागण्याची शक्यता असते. मोजकी, दुसरीकडे न मिळणारी गाणी असतील तर एवढे कष्ट घ्यावेत.

कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रामची नावे या सदरातून दिली जाणार नाहीत. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६ सालच्या करारानंतर अनेक देशांनी असे कुलूप तोडण्याविरुद्ध कायदे केले. अमेरिकेचा १९९८ सालचा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा त्यांपैकी सर्वांत चर्चेतला. स्वतः विकत घेतलेल्या गाण्याचे कुलूप स्वतःच्या वापरासाठी काढणे कुठे चालते आणि कुठे नाही, हे देशागणिक बदलते.

प्रश्न : जुन्या सीडींच्या संग्रहातली एक सीडी संगणकात घातली की ती स्वतःचा प्लेयर बसवण्याची परवानगी मागते. बसवू का?

उत्तर : मुळीच नाही. ती चौकट रद्द करून सीडी बाहेर काढावी आणि आपोआप प्रोग्राम चालू होण्याची सोय संगणकाच्या सेटिंगमधून बंद करावी.

एवढ्या ठाम उत्तरामागे कारण आहे. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने जाहीर केले, की सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या काही सीडींमधून विंडोज संगणकावर ‘एक्ससीपी’ नावाचे कॉपी-प्रतिबंधक सॉफ्टवेअर बसते आणि ते स्वतःला लपवून ठेवते. लपवण्याची पद्धत इतकी ढोबळ होती, की ठराविक अक्षरांनी सुरू होणारे नाव असलेली कोणतीही फाइल वापरणाऱ्याला दिसेनाशी होई. साहजिकच काही दिवसांतच व्हायरस लिहिणाऱ्यांनी आपल्या फाइलींना तशीच नावे देऊन या आडोशाचा उपयोग करून घेतला. हे सॉफ्टवेअर ५२ वेगवेगळ्या सीडींवर होते. लोकांच्या संतापानंतर कंपनीने ते काढून टाकण्याचे साधन दिले, तर त्या साधनानेच संगणकात नवी त्रुटी निर्माण केली. शेवटी नोव्हेंबरमध्ये सीडी परत मागवाव्या लागल्या, आणि पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेशी झालेल्या समझोत्यात संगणकाचे नुकसान झालेल्या ग्राहकांना १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे कंपनीने मान्य केले. यातला विरोधाभास असा, की गाणी फुकट उतरवणाऱ्याच्या संगणकाला काही झाले नाही. ज्याने दुकानातून सीडी विकत आणली, त्याच्याच यंत्राला बाधा झाली.

प्रश्न : मी स्वतः गातो आणि माझ्या ध्वनिमुद्रणांवर माझे घर चालते. आपल्या सदरातली पत्रे वाचून असे वाटते, की कॉपी-प्रतिबंध हा जणू ग्राहकाचा छळ करण्यासाठीच काढला. एका विकलेल्या प्रतीच्या हजार फुकट प्रती होतात, त्याबद्दल कोणी का लिहीत नाही?

उत्तर : आपले दुःख खरे आहे, आणि वरच्या पत्रांमधील ‘आम्हाला फक्त आमचीच गाणी ऐकायची आहेत’ हे म्हणणे प्रत्येकाच्या बाबतीत खरे असेलच असेही नाही. प्रश्न एवढाच आहे, की त्या हजार प्रती कुलपाने थांबल्या का.

६ फेब्रुवारी २००७ रोजी अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी एक जाहीर टिपण लिहून याचा हिशेब मांडला. त्यांच्या म्हणण्यानुसार २००६ या वर्षात जगभरच्या ऑनलाइन दुकानांतून दोन अब्जांपेक्षा कमी कुलूपबंद गाणी विकली गेली. त्याच वर्षी स्वतः संगीत कंपन्यांनी सीडींवरून वीस अब्जांहून अधिक गाणी कोणत्याही कुलपाविना विकली. म्हणजे बाजारातल्या बहुतांश गाण्यांना दार उघडे होते आणि उरलेल्या थोड्यांना कुलूप. ज्याला नक्कल करायची होती, तो सीडीवरून करत होता. कुलपाला तोंड देत होता तो ऑनलाइन पैसे देणारा. टिपण लिहिणाऱ्याची कंपनी त्याच कुलपामुळे ग्राहकांना आपल्या वादक-यंत्राशी बांधून ठेवत होती, ही बाबही विसरता कामा नये, पण म्हणून हिशेब चुकत नाही.

पुढचा घटनाक्रम जलद होता. २ एप्रिल २००७ रोजी ईएमआय या संगीत कंपनीने आपली गाणी कुलपाविना विकण्याचे जाहीर केले आणि मेअखेरीस ती १.२९ डॉलर दराने व दुप्पट, म्हणजे २५६ केबीपीएस, दर्जात मिळू लागली. जानेवारी २००९ मध्ये आयट्यून्सने ऐंशी लाख गाण्यांवरचे कुलूप काढले आणि मार्चअखेर संपूर्ण एक कोटीच्या संग्रहावरचे काढण्याचे जाहीर केले. कुलूपमुक्त फाइलीत खरेदीदाराचे नाव आणि ईमेल मात्र लिहिलेले असते, आणि २००७ मध्ये त्यावरूनही बराच गदारोळ झाला. मला व्यक्तिशः ही तडजोड मान्य आहे: गाणे कुठेही वाजावे, पण ते कोणाच्या हातून बाहेर गेले याची खूण त्यावर असावी. आपल्यासारख्या कलाकाराला त्याचा उपयोग न वाजणाऱ्या फाइलीपेक्षा नक्कीच जास्त आहे.

प्रश्न : ज्या दुकानातून गाणी घेतली, ते बंद होत असल्याची सूचना आली आहे. गाणी वाजत राहतील का?

उत्तर : सध्याच्या संगणकावर वाजतील, तो बदलला की नाही. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिक या आपल्या संगीत-दुकानाच्या ग्राहकांना नेमके हेच कळवले होते, की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ल्या मिळणार नाहीत. ओरड झाल्यावर ती मुदत २०११ च्या अखेरीपर्यंत वाढवली गेली. त्याच वर्षी याहूचे संगीत-दुकान बंद झाले, तेव्हा ग्राहकांना कूपन किंवा परतावा देऊ केला गेला. तेव्हा सूचनेतली तारीख उलटण्यापूर्वी परतावा किंवा कुलूपमुक्त प्रती मागाव्यात आणि वर सांगितल्याप्रमाणे सीडी करून ठेवाव्यात. मुदत संपल्यावर मागणी करायला समोर कोणी उरत नाही.

प्रश्न : दरमहा वर्गणीच्या सेवेतून उतरवून ठेवलेली गाणी वर्गणी थांबवताच बंद झाली. हा अपडेटचा दोष आहे का?

उत्तर : नाही. ती गाणी आपण विकत घेतलीच नव्हती, ती वर्गणी चालू असेपर्यंतच ऐकायला मिळालेली होती.

प्रश्न : जुना संगणक विकायचा आहे. त्यातली गाणी नव्या संगणकावर घेतली आहेत. आणखी काही करावे लागते का?

उत्तर : होय, आणि क्रम महत्त्वाचा आहे. जुन्या संगणकावर प्लेयर उघडून, इंटरनेट चालू असताना, त्या संगणकाची अधिकृतता आधी काढावी आणि मगच डिस्क पुसावी. आधी डिस्क पुसली तर सर्व्हरच्या लेखी तो संगणक अजून आपलाच राहतो, पाचांपैकी एक जागा अडते, आणि ती सोडवण्यासाठी वर्षातून एकदा मिळणारी सोय खर्ची पडते.